सायन्स घे, मग बघू!

आमच्या बॅचने दहावीची परीक्षा दिलेलीच नाही. ‘कोरोना बॅच’ म्हणून सीनियर्सनी आम्हाला भरपूर चिडवून झालंय, आता एफईची पोरंही चिडवायला लागलीत. पण खरंच दिलेली नाही. २०२१ साली राज्य मंडळाने दहावीची परीक्षा रद्द केली आणि निकाल असा लावला: ५० गुण नववीच्या निकालावरून, ३० गुण दहावीत शाळेने घेतलेल्या लेखी चाचण्यांचे आणि २० गुण गृहपाठ, तोंडी, प्रात्यक्षिकांचे. आता गंमत बघा. आमची नववी म्हणजे २०१९-२०. तिची वार्षिक परीक्षाही लॉकडाऊनने खाल्ली होती. म्हणजे नववीच्या पहिल्या सत्राचे मार्क, मोबाईलवर फोटो काढून पाठवलेला गृहपाठ आणि कॅमेरा बंद ठेवून दिलेल्या ऑनलाइन टेस्ट, या सगळ्याची बेरीज ही आमची दहावी. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के! पेढे मात्र सगळ्यांनी वाटले.

मग अकरावीच्या प्रवेशासाठी वेगळी सीईटी घ्यायचं ठरलं. २१ ऑगस्ट ही तारीखसुद्धा जाहीर झाली. आम्ही पुन्हा पुस्तकं काढली, क्लासवाल्यांनी लगेच टेस्ट सिरीज काढल्या, आणि १० ऑगस्टला मुंबई हायकोर्टाने ती सीईटीच रद्द केली. झालं. जे मार्क होते त्यांवरच प्रवेश.

हे पुराण लावायचं कारण वेगळं आहे. दहावीनंतर काय करायचं हे मार्कांवर ठरतं, असं आपण सगळे धरून चालतो ना? मग त्या वर्षी तर मोठा गोंधळ व्हायला हवा होता. मार्क खरे नाहीत हे मुलांना माहीत होतं, आई-बाबांना माहीत होतं, शाळेला तर सगळ्यात जास्त माहीत होतं. एखाद्याने तरी म्हणायचं, की बाबा रे, या वर्षी मार्कांवरून काही कळत नाही, तुला काय जमतं ते जरा वेगळ्या पद्धतीने बघू. कुणी म्हटलं नाही. नव्वदच्या वरचे सगळे सायन्सला. ऐंशीवालेही सायन्सला, फक्त त्यांच्या घरी फीचा हिशोब थोडा जास्त वेळ चालला. त्याखालचे कॉमर्सला, उरलेले आर्ट्सला. डिप्लोमाला जाणाऱ्याला शेजारच्या काकूंनी विचारलं, “का रे, मार्क कमी पडले का?” दरवर्षी जसं होतं तसंच, अगदी तसंच. तेव्हापासून माझं मत झालंय की हे सगळं मार्कांवर ठरत नाहीच. ते सवयीने ठरतं, मार्क नंतर चिकटवले जातात.

मी लातूरची. कॉन्व्हेंटमध्ये शिकले. (मराठी विभागात लेख देतेय म्हणून आमच्या ग्रुपमध्ये हसू झालंय, त्यांनी हा पॅराग्राफ वगळावा.) लातूर म्हटल्यावर तुम्ही ‘लातूर पॅटर्न’ म्हणणार हे ठरलेलं. त्याला नावं ठेवायला मी बसलेले नाही. बीड-नांदेड-परभणीच्या खेड्यांतून आलेली पोरं ट्यूशन एरियात दहा बाय दहाच्या खोलीत राहून, डबा खाऊन डॉक्टर-इंजिनियर झालेली मी डोळ्यांनी पाहिलीत. पेपर सोडवायचा, चुका काढायच्या, पुन्हा सोडवायचा. या मेहनतीला माझा सलामच. पण हा पॅटर्न कुठे पोचायचं हे ठरल्यानंतर कामाचा आहे. कुठे जायचं ते त्याने सांगावं अशी अपेक्षाच चुकीची, आणि आपल्याकडे नेमकी तीच ठेवतात.

आमच्या शाळेचा ‘करिअर गाइडन्स सेमिनार’ त्या वर्षी झूमवर झाला. बोलायला आलेले सर एका क्लासचे संचालक. अस्खलित इंग्रजी, सुंदर स्लाइड्स. तासभराचा सारांश एका वाक्यात सांगते: सायन्स घ्या, सगळे रस्ते खुले राहतात. शेवटच्या स्लाइडवर त्यांच्याच अकरावीच्या बॅचची फी. आता दुधाच्या डेअरीवाल्याला ‘चहा घेऊ की सरबत’ असं विचारलं तर तो काय सांगणार? सरांचा दोष नाही, त्यांना बोलावणाऱ्यांचा आहे. नंतर जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने मार्गदर्शक सूचना काढल्या, की १६ वर्षांखालच्या किंवा दहावी न झालेल्या मुलांना कोचिंग सेंटरने प्रवेश देऊ नये. आमच्या गल्लीत आठवीच्या ‘फाउंडेशन’ बॅचचे फ्लेक्स अजून आहेत.

बोर्डानेही कधी प्रयत्न केला नाही असं नाही. २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी होत असे. माझ्या चुलतबहिणीच्या हातात २०१८ साली तो कागद आला, त्यात तिचा कल ‘गणवेशधारी सेवा’. घरात पंधरा दिवस सगळे तिला सॅल्यूट मारत होते. पण एकानेही तिला एनसीसीचं विचारलं नाही की पोलीस भरतीचं पुस्तक आणून दिलं नाही. ती आता फार्मसी करून औषधांच्या कंपनीत आहे, चांगली आहे. तिचं वाईट झालं असं मला म्हणायचं नाही. त्या कागदाकडे कुणी कागद म्हणूनसुद्धा पाहिलं नाही, एवढंच सांगायचंय.

आता ते प्रसिद्ध वाक्य. ‘सायन्स घे, सगळे रस्ते खुले राहतात, मग बघू.’ खरं सांगायचं तर नियमाने हे बरोबर आहे. सायन्सवाल्याला पुढे बीए, बीकॉम, लॉ, हॉटेल मॅनेजमेंट, स्पर्धा परीक्षा, सगळीकडे जाता येतं. आर्ट्सवाल्याला उलट फिरून इंजिनियरिंगला येता येत नाही. म्हणून आई-बाबा हे सांगतात तेव्हा ते खोटं सांगत नसतात. गडबड आहे ती ‘मग बघू’मध्ये. बघायचं कधी? अकरावी म्हणजे सीईटीत वीस टक्के, म्हणून ती कशीबशी उरकायची. बारावी म्हणजे ऐंशी टक्के, म्हणून जीव काढायचा. १५० प्रश्न, तीन तास, २०० मार्क. त्या दोन वर्षांत मी एकही ऐतिहासिक इमारत, एकही कोर्ट, एकही कारखाना आतून पाहिला नाही. चित्रकला आठवीत सुटली, इतिहास दहावीत सुटला. पीसीएमबी घेतलेली माझी मैत्रीण दोन्ही दगडांवर पाय ठेवून उभी होती. सीईटी की नीट हे तिने एप्रिलमध्ये ठरवलं, आणि तेही मॉक टेस्टमध्ये कुठे जास्त मार्क पडतात ते बघून. रस्ते खुले होते हो सगळे. पण त्या रस्त्यांवर काय आहे ते बघायला कुणाला वेळ होता?

आई-बाबांच्या बाजूनेही विचार केला पाहिजे. त्यांच्या आधीच्या पिढीला इंजिनियरिंगची सीट म्हणजे हातात न येणारी गोष्ट होती. महाराष्ट्रात मोजकीच कॉलेजं. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित खाजगी कॉलेजांना परवानगी मिळाली आणि मग जिल्ह्याजिल्ह्यांत कॉलेजं उघडली. माझे बाबा बारावीला होते तेव्हा सीट होती, पण तिची फी आजोबांच्या आवाक्यात नव्हती. जी गोष्ट आपल्याला मिळाली नाही ती पोरीला मिळावी असं त्यांना वाटलं तर त्यात चूक काय? फक्त झालं असं, की सीट मिळवण्याची भीती त्यांच्याकडून आमच्याकडे जशीच्या तशी आली, आणि सीटचं करायचं काय हा प्रश्न आलाच नाही. आज आपल्याच कॉलेजात काही ब्रँचेसना जागा रिकाम्या राहतात. रिकाम्या बाकाला कोण घाबरतं सांगा!

माझी ब्रँच सिव्हिल. ती कशी मिळाली? सायबर कॅफेत. कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरायला बाबा आणि मी गेलो, तिथल्या काकांनी मागच्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ उघडली आणि वरून खाली नावं टाकत गेले. कॉम्प्युटर, आयटी, ईएनटीसी, मग मेकॅनिकल, मग सिव्हिल. जिथे अडकले तिथे फ्रीझ केलं. तुमच्यापैकी निम्म्यांची गोष्ट हीच आहे, नाही म्हणू नका. कॉम्प्युटरवालेही फार हुशारीने हसू नका, तुम्ही त्याच यादीत पाच ओळी वर अडकलात इतकंच.

मला सिव्हिल आवडलं. ते कसं, ते जरा सविस्तर सांगते, कारण माझा मुद्दा त्यात आहे.

माझं आजोळ औसा तालुक्यात, किल्लारीपासून जवळ. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास झालेला भूकंप. आदली रात्र गणपती विसर्जनाची. माझा जन्म होण्याच्या कितीतरी आधीची गोष्ट, पण आजोळी ती कालच्यासारखी बोलली जाते. कोण ओट्यावर झोपलं म्हणून वाचलं, कोण मिरवणुकीहून उशिरा आलं म्हणून वाचलं, कुणाच्या घरातलं कुणीच नाही वाचलं. आजी अजून माळवदाच्या घरात झोपत नाही. लहानपणापासून ऐकून ऐकून माझ्या डोक्यात ते ‘नशीब’ याच खात्यात जमा होतं.

टीईला एक दिवस आमच्या स्ट्रक्चर्सच्या सरांनी फळ्यावर एक भिंत काढली. जाड दगडी भिंत. आतल्या बाजूला दगडांचा एक थर, बाहेरच्या बाजूला दुसरा, मध्ये माती आणि दगडाच्या कपच्या. वर मातीचे जाड थर दिलेलं माळवद. सर म्हणाले, जमीन हलली की हे दोन थर एकमेकांपासून सुटतात, भिंत फुगते, आणि वरचं सगळं वजन खाली येतं. मग त्यांनी दोन्ही थरांना जोडणारा एक लांब आरपार दगड काढला. असे दगड उभ्या अंतराने दर ६० सेंटीमीटरला आणि आडव्या अंतराने दर १.२ मीटरला घातले तर भिंत एकसंध वागते. भारतीय मानकात लिहिलेलं आहे. किल्लारीनंतर त्या भागातल्या उभ्या राहिलेल्या घरांच्या भिंतींतही असेच आरपार दुवे घालून मजबुती केली गेली.

मी वही बंद करून बसले. आरपार दगड! आजीच्या गावात दगडाला तोटा नव्हता. माहिती असणारा माणूस तिथे नव्हता, एवढंच. हे ज्ञान असणं, ते खेड्यातल्या गवंड्यापर्यंत पोचवणं, हा एक व्यवसाय असतो आणि त्याला सिव्हिल इंजिनियरिंग म्हणतात, हे मला पंधराव्या वर्षी कुणी सांगितलं नाही. लातूरमध्ये राहून! आमच्या सेमिनारच्या स्लाइडवर सिव्हिलपुढे लिहिलं होतं ‘बिल्डिंग्ज, रोड्स, गव्हर्नमेंट जॉब’.

तर माझं जमलं, पण ते योगायोगाने. यादीत अजून एक ओळ वर अडकले असते तर मी आज मेकॅनिकलच्या वर्कशॉपमध्ये असते आणि कदाचित तिथेही काहीतरी सापडलं असतं, कदाचित नसतं. ज्यांचं नाही सापडलं ते आपल्या हॉस्टेलमध्येच आहेत. वायडी लागलेला प्रत्येक जण आळशी नसतो. रात्री दोनपर्यंत जागून सबमिशन लिहिणारे, जर्नल वेळेत देणारे, ओरलला नीट उत्तरं देणारे आणि तरी ‘मी इथे काय करतोय’ असं गच्चीवर बसून विचारणारे किती तरी आहेत. त्यांना ‘आता एवढी फी भरलीय, डिग्री तर पूर्ण कर’ याखेरीज कुणाकडे उत्तर नसतं. माझ्याकडेही नाही.

माझी रूममेट उदगीरकडची, डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेली. वडील गवंडी. ती पंधराव्या वर्षी सिव्हिल डिप्लोमाला गेली ती सिव्हिल काय असतं हे बघून, सुट्टीत वडिलांसोबत साइटवर पाणी मारायला जात होती म्हणून. प्लंब बॉबला ओळंबा म्हणतात आणि काटकोन बघायच्या साधनाला गुण्या म्हणतात हे मला तिने शिकवलं. माझ्या शाळेत मराठी बोलल्याबद्दल दंड होता, त्यामुळे माझ्याकडे फक्त इंग्रजी नावं होती, आणि साइटवर मिस्त्रीला प्लंब बॉब मागितला तर तो तुमच्याकडे बघतच राहतो. एसईला आम्ही सर्व्हेचं प्रॅक्टिकल करायचो तेव्हा आमचा ग्रुप स्टाफ सरळ धरण्यातच दमायचा, तिचं रीडिंग घेऊन झालेलं असायचं.

डिप्लोमाचं सगळं गोड आहे असंही नाही हं. एम-वन, एम-टू न करता थेट एम-थ्री समोर येतं तेव्हा रडू येतं, ती खरोखर रडली होती. इंग्रजीत रिपोर्ट लिहिताना मी तिच्या बाजूला बसायचे. पण ‘मी इथे का आहे’ हा प्रश्न तिला कधी पडला नाही. आमच्यात हुशार कोण हे मला ठरवता येणार नाही, मात्र निवड तिने केली होती आणि माझी झाली होती, हे नक्की.

आता प्लेसमेंटचा सीझन तोंडावर आलाय आणि मला तेच जुनं वाक्य नव्या कपड्यांत भेटतंय. ‘आधी आयटीची ऑफर घे, मग बघू.’ कंपन्या ‘ऑल ब्रँचेस’ म्हणून येतात, सिव्हिल-मेकॅनिकलची मुलं रात्री पायथॉन शिकतात. कुणाच्या घरी कर्जाचा हप्ता सुरू व्हायचा असेल तर त्याने जरूर घ्यावी, पोट आधी. ज्याला कोडिंग मनापासून आवडतं त्यानेही. पण घाई नसलेलेसुद्धा केवळ सगळे रांगेत उभे आहेत म्हणून उभे राहतात तेव्हा मला २०२१ आठवतं. आणि फॉर्ममध्ये पहिली अट काय असते? थ्रूआउट ६० टक्के, दहावीपासून! त्या दहावीचे मार्क मी दर वेळी अगदी गंभीर चेहऱ्याने भरते.

मी स्वतः काय करणार? उन्हाळ्यात एका स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे इंटर्नशिप मागितलीय, पैसे मिळणार नाहीत. घरी अजून ते पूर्ण सांगितलेलं नाही.

हा लेख लिहायला बसले त्याचं खरं कारण मात्र माझा मामेभाऊ. यंदा दहावीला आहे. हुशार आहे, पूर्वपरीक्षेत ब्याण्णव टक्के. पण शाळा सुटली की तो औशात मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात जाऊन बसतो. पाण्याची जळालेली मोटार खोलायची, जुनी तार काढायची, वेढे मोजून नवी भरायची. त्याला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करायचाय. मामीचा मागच्या आठवड्यात फोन आला. “तू सांग गं त्याला, तुझं ऐकतो तो. ब्याण्णव टक्केवाला डिप्लोमाला जातो का कुठं? लोक काय म्हणतील? म्हणाव, सायन्स घे, मग बघू.”

मी मामीला नाही म्हटलं नाही आणि हो पण म्हटलं नाही. त्याला डिप्लोमालाच जा असंही मी सांगणार नाही, कारण मग माझ्यात आणि त्या झूमवाल्या सरांत फरक काय? परीक्षा झाली की त्याला आठ दिवस इकडे बोलावलंय. राहायची सोय एका सीनियरच्या रूमवर, मुलांच्या हॉस्टेलमध्ये, रेक्टर सरांची परवानगी घेऊन. इलेक्ट्रिकलच्या मशीन लॅबचे असिस्टंट काका त्याला उघडलेली इंडक्शन मोटार दाखवणार आहेत. माझी रूममेट त्याला एम-थ्रीबद्दल खरं खरं सांगणार आहे. आणि बारावी करून आलेला इलेक्ट्रिकलचा एक जण त्याला सांगणार आहे की ट्यूशन एरियातली दोन वर्षं कशी असतात. मामीही यावी अशी माझी इच्छा आहे, ती अजून तयार नाही.

एकासाठी एवढं करता येतं तर थोड्या जास्त जणांसाठी का नाही? आपला टेक फेस्ट दरवर्षी होतो, त्यात एक दिवस शाळेच्या मुलांसाठी ठेवायला काय हरकत आहे? स्टॉल आणि रोबोट रेस दाखवायला नको, ते त्यांना मोबाईलवर दिसतं. काँक्रीटचा क्यूब मशीनमध्ये फुटताना दाखवा, लेथवर चीप निघताना दाखवा, ज्याला अठ्ठावीस तास प्रोग्रॅममधला बग सापडला नाही त्याला बोलवा. स्टाफमधल्या सर-मॅडमना विनंती, की वर्षातून एक शनिवार लॅब उघडी ठेवायची परवानगी द्या, साफसफाई आम्ही करू. आणि हॉस्टेलवाल्यांनो, सुट्टीत घरी जाल तेव्हा आपापल्या जुन्या शाळेत एक तास जा. मुख्याध्यापक नाही म्हणत नाहीत, मी विचारून पाहिलंय. आपल्या ब्रँचमध्ये काय आवडलं नाही तेही सांगा, पॅकेजचे आकडे नका सांगू.

लातूर, धाराशिव, सोलापूर बाजूच्या सहा जणी तयार झाल्यात. बाकीच्या जिल्ह्यांसाठी मेसच्या नोटीस बोर्डवर कागद लावलाय, पेन दोऱ्याने बांधलंय, नेऊ नका.